जुनी फास्ट गाडी घेतलीत? पहिलं वर्ष पॉवरचं नाव काढू नका

जुन्या परफॉर्मन्स कारची जाहिरात बघताना सगळ्यांचा डोळा पहिला जातो किलोमीटरवर. वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडी आणि रनिंग अगदी कमी, असं दिसलं की माणूस हुरळतो आणि लगेच टोकन द्यायला निघतो. माझं म्हणणं आहे जरा थांबा, आणि आधी हे विचारा की इतकी वर्षं ती गाडी उभी कुठे होती आणि उभी असताना तिचं कोणी काही केलं का. कारण होज पाइप, सील, बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं), टायर, ब्रेक फ्लुइड, कूलंट यातल्या कशालाच ओडोमीटर वाचता येत नाही, ते वयाने म्हातारे होतात, गाडी चालो की न चालो. उलट दरवर्षी वेळेवर ऑइल बदललेली, नियमित फिरवलेली, दीड लाख किलोमीटर झालेली गाडी मला कधीही जास्त भरवशाची वाटते.

खाली जे लिहितोय ते सगळं याच गोष्टीभोवती फिरतंय. गाडी हातात आली की पहिलं वर्ष तिला ठणठणीत करण्यात घालवा, मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) यातलं काहीही नको. या गाड्यांची इंजिनं जातात ती बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ रबरी नळीपायी, प्लास्टिकच्या टाकीपायी नाहीतर वेळेवर न बदललेल्या ऑइलपायी. साध्या गाडीत असलं दुर्लक्ष बरंचसं खपून जातं कारण तिथे इंजिनावर ताणच कमी असतो. पण जिथे कंपनीने लिटरमागे शंभर हॉर्सपॉवर काढलेत, किंवा टर्बो लावून त्याहून जास्त, तिथे ऑइल जरा कमी, टेंपरेचर जरा जास्त, मिक्स्चर जरा लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), एवढ्यावर काम तमाम होतं.

घेण्याआधी

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडगार पाहिजे. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, पण थंड स्टार्ट बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चेनची खडखड, टपेटचा आवाज, धूर हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि गरम झाल्यावर लपतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. थंड हवेत सुरुवातीला थोडी वाफ येते, ती वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही.

मग कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. आकडा किती येतो यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरात फरक किती आहे ते बघा, साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर बरं. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर लीक-डाउन टेस्ट करून घ्याच, कारण त्यात हवा नेमकी कुठून पळतेय तेही कळतं. पिस्टन टॉपला आणायचा, सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली म्हणजे रिंगा, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट किंवा हेडलाच क्रॅक. माझदा आरएक्स-७ सारखी रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारी) गाडी असेल तर साधा कंप्रेशन गेज उपयोगाचा नाही, तिथे प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणारा टेस्टर लागतो, तो वापरलाच नसेल तर "कंप्रेशन ओके आहे" या वाक्याला काही अर्थ नाही.

गंजाबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे. दमलेलं इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण बॉडी आतून गंजलेली असेल तर ती गाडी सोडा, कितीही आवडलेली असली तरी. जॅक लावायच्या जागा, दाराखालचा पट्टा, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला बोल्ट होते ती जागा, हे सगळं लिफ्टवर चढवून टॉर्च मारून बघा. ताजा काळा अंडरकोट दिसला तर जास्तच बारकाईने बघा, तो गंज झाकायला मारलेला असू शकतो.

आणि प्रत्येक मॉडेलचं एखादं दुखणं ठरलेलं असतं, ते आधी पाठ करून जा. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये (ई४६, ई६०, ई९२ हे बीएमडब्ल्यूच्या पिढ्यांचे कोड) मागची सबफ्रेम जिथे बसते तिथे बॉडीचा पत्राच फाटतो, आणि सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा प्रॉब्लेम होता. ई६० एम५ चं व्ही१० आणि ई९२ एम३ चं व्ही८ यांच्यातही रॉड बेअरिंग हाच काळजीचा विषय. पोर्शे ९९६ (९११ चीच एक पिढी) आणि पहिल्या बॉक्सस्टरमध्ये इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग, तेच ते आयएमएस, फुटलं तर इंजिन जातं, पण ९९६ मधल्याच टर्बो आणि जीटी३ ला वेगळं इंजिन आहे, त्यांना हा त्रास नाही. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या सुरुवातीच्या आरबी२६ इंजिनात क्रँकचा जो भाग ऑइल पंप फिरवतो तो आखूड आहे, सारखी रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) ताणली की पंपाचा गिअर तुटू शकतो. ही नावं वाचून त्या गाड्यांवर फुली मारू नका. दुखणं सगळ्यांना माहीत असलेल्या गाडीचा इलाजही माहीत असतो, तुम्ही फक्त एकच विचारायचं, ते काम झालंय का, आणि झालं असेल तर बिल दाखवा. तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहिलेलं बिल. सर्व्हिस बुकातला नुसता शिक्का मी फारसा धरत नाही.

आल्या आल्या सगळं झिरोवर

गाडी घरी आली. आधीच्या मालकाने काय सांगितलं ते बाजूला ठेवा, ज्याचा कागद नाही ते झालेलं नाही असंच धरून चाला. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं फ्लुइड, पॉवर स्टिअरिंगचं, आणि प्लग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर. सगळं बदला. फक्त एकाच दिवशी सगळं उघडून बसू नका. एक-दोन कामं करायची, गाडी चालवायची, गळती-आवाज बघायचा, मग पुढचं काम. नाहीतर नंतर काही बिघडलं तर ते कुठल्या कामामुळे बिघडलं ते शोधता शोधता नाकी नऊ येतात.

ऑइल कुठलं घालायचं ते कंपनीने त्या इंजिनासाठी जे सांगितलंय तेच. ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला १०डब्ल्यू-६० सांगितलंय म्हणजे तेच, "सिंथेटिक आहे, चालतं" म्हणून दुसरं पातळ ऑइल ओतू नका. जाता जाता, या इंजिनाचे टपेट हायड्रॉलिक नाहीत, व्हॉल्व्ह क्लिअरन्स ठरावीक अंतराने हाताने मोजून सेट करावे लागतात, आणि ते काम खूप जण गाळतात, तेव्हा तेही विचारून घ्या. गिअरबॉक्सला तर अजूनच जपायचं. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर बदलताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) असतात आणि त्यांना गिअर ऑइलची जीएल-४ ग्रेड सांगितलेली असते. तिथे जीएल-५ घातलं तर त्यातली अ‍ॅडिटिव्ह पितळेला बरी नाहीत, शिवाय सिंक्रोला काम करायला जे घर्षण लागतं तेच कमी होतं आणि गिअर बदलताना कुरकुर सुरू होते. डिफरन्शियलला बहुतेक वेळा जीएल-५ च लागतं, आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर पण. डबे सारखे दिसतात, मागचं लेबल वाचूनच ओता.

पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी एक काम नक्की करा, जुना फिल्टर फेकून देऊ नका. फिल्टर कापायचं कटर मिळतं, त्याने तो उघडा, आतला कागद सुटा करून पूर्ण पसरा आणि पिळून थोडा वेळ निथळू द्या. मग उन्हात धरून तिरकस बघा, एकेक घडी उलगडत. बारीक काळी घाण असणारच. चमचमणारं काही दिसलं तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड, न चिकटता नुसतं चंदेरी किंवा तांबूस चमकतंय म्हणजे बेअरिंगचं मटेरियल असू शकतं, आणि अशा वेळी गाडी तिथल्या तिथे थांबवायची, "बघू पुढच्या सर्व्हिसला" नाही. ऑइलचं सँपल लॅबला पाठवता आलं तर सोन्याहून पिवळं. शिसं आणि तांबं वाढलं की बेअरिंग, सिलिकॉन वाढलं की बहुतेक एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय, सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका, दोन-तीन बदलांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते कळतं.

टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल आणि बेल्टचा कागद नसेल तर बेल्ट होईपर्यंत गाडी चालवू नका, मी हे अतिशय गंभीरपणे सांगतोय. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांची पण असते. पोर्शे ९४४ घ्या, तिचं इंजिन इंटरफेरन्स प्रकारचं, म्हणजे बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. त्यात तिला बेल्ट दोन, एक टायमिंगचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा, आणि बॅलन्सवाला तुटून टायमिंगच्या बेल्टमध्ये अडकला तरी शेवट तोच. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलं पण बदलायची, कारण तिथपर्यंत पोचायलाच अर्धं काम होतं. फेरारी एफ३५५ मध्ये तर बेल्टसाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, तेव्हा घेण्याआधीच हे काम शेवटचं कधी झालं ते बघा.

कूलिंग, इथे जास्त वेळ द्या

माझ्या मते जुन्या फास्ट गाडीत सगळ्यात आधी पैसे घालायची जागा म्हणजे कूलिंग सिस्टिम. नव्वदच्या दशकापासून रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, काही गाड्यांत वॉटर पंपाचा आतला पंखासुद्धा प्लास्टिकचा आला, आणि प्लास्टिकला गरम-थंड, गरम-थंड असं वर्षानुवर्षं केलं की ते ठिसूळ होतं. आधी कळत नाही, आणि मग एक दिवस रेडिएटरचं तोंड होजसकट हातात येतं.

एक्स्पान्शन टँक नीट बघा. नवीन असताना तो पांढुरका, जवळपास आरपार दिसणारा असतो. पिवळट, मग तपकिरी होत गेला म्हणजे वय झालं. जोडाच्या रेषेवर नखाने हळूच घासून बघा, तिथे पांढरी वाळलेली पावडर दिसली तर कूलंट झिरपून वाळलंय, गळती आहे, फक्त जमिनीवर थेंब पडण्याआधी गरमीने उडून जातंय. मग होज. इंजिन थंड असतानाच, दोन बोटांत धरून दाबा, विशेषतः क्लॅम्पच्या अगदी शेजारी. चांगला होज दाबला जातो आणि परत वर येतो. दगडासारखा कडक लागला, किंवा उलट मऊ-लिबलिबीत आणि फुगलेला लागला, किंवा दाबताना आतून कुरकुर ऐकू आली तर तो बदला. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, पूर्ण सेट एकदम बदलणं शहाणपणाचं. बरोबर पंप, थर्मोस्टॅट, आणि झाकण. झाकण लोक विसरतात. सिस्टिमचं प्रेशर झाकणच धरून ठेवतं, आणि त्या प्रेशरमुळेच कूलंट शंभरच्या बऱ्याच वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची सील गेली की बाकी सगळं नवीन असून गाडी उकळते.

कूलंट भरताना कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं, आणि साधारण निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आत बसतात. दोन वेगवेगळ्या केमिस्ट्रीची कूलंट मिसळू नका, आणि रंगावरून तर मुळीच ठरवू नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने टाकते. भरून झालं की हवा काढायची, त्या मॉडेलची जी पद्धत असेल तीच, कारण आत हवेचा फुगा राहिला तर हेडला एका जागी कूलंटच पोचत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका हे पण सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा ठेवलाय की बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये तो मधोमधच उभा राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं सॉकेट) किंवा वेगळ्या गेजवर खरा आकडा दिसेल अशी सोय करा. आणि कधी काटा चढला तर लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद. "दोन किलोमीटरवर घर आहे" हा विचार मनात आणू नका, त्या दोन किलोमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनिअमचं हेड वाकतं.

ब्रेक आणि टायर

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडची एक ग्रेड) चा उत्कलनबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० डिग्री, आणि पाणी शोषल्यावर स्टँडर्डप्रमाणे कमीत कमी १५५ धरतात. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे जुनं फ्लुइड घेऊन घाटात जोरात उतरलात की कॅलिपरमध्ये ते उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फ्लोअरला लागतं. दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो नसो. ट्रॅकवर नेत असाल तर त्याहून लवकर. आणि डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं, नाव डॉट ५.१ सारखं असलं तरी वस्तू पूर्ण वेगळी, या दोघांना एकत्र करू नका.

रबरी ब्रेक होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. फ्लुइड जोराने आत जातं पण परत येत नाही, मग ब्रेक सोडल्यावरही एक चाक धरून राहतं. फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता तळवा न्या, एक चाक जास्त तापलेलं जाणवलं तर तिथे होज, कॅलिपरचा पिस्टन नाहीतर स्लाइड पिन अडकलेली आहे.

टायरचं तर सोपं आहे. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडचे (ब्रेक फ्लुइडचं डॉट वेगळं) शेवटचे चार आकडे बघा, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. खाच कितीही शिल्लक असू दे, वय झालेला टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा, दहाच्या पुढे कोणत्याही परिस्थितीत नको, आणि तीनशे घोड्यांच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवर मी स्वतः दहापर्यंत पण थांबत नाही.

सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे सगळं झिजतं इतकं हळूहळू की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. रबरी बुश कंपनीचेच घाला, रस्त्यावरच्या गाडीला कडक पॉलियुरेथेन सगळीकडे लावून दात हलवून घेण्यात मजा नाही. बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, लटकलेली असताना आवळलं तर नवीन रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

आधी शोधा, मग पार्ट घ्या

आयडलिंग वरखाली होतंय, पिकअप मार खातोय, चेक इंजिन लागलाय. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत सुटणं ही सगळ्यात महागडी सवय. मास एअरफ्लो सेन्सर बदला, मग ऑक्सिजन सेन्सर, मग कॉइल, आणि शेवटी निघते काय तर तडकलेली व्हॅक्यूमची नळी. जुन्या गाडीत या नळ्या उष्णतेने वाळक्या काडीसारख्या होतात, वाकवल्या की कटकन मोडतात. आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीत तर आधी एक आणि मग दोन्ही टर्बो चालवण्यासाठी अशा नळ्यांचं जंजाळच आहे, एक निसटली तरी बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर) बिघडतो.

स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर भरायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं, इतकं साधं. ओबीडी-२ वाली गाडी असेल तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय) वाचायला शिका. आयडलला ट्रिम प्लसमध्ये दहा-पंधरा टक्के आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येतोय, म्हणजे व्हॅक्यूम लीकचा संशय. उलट आयडलला ठीक आणि लोडवर चढतोय, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बघा. अमेरिकेत ओबीडी-२ १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, त्याआधीच्या गाड्यांत बऱ्याचदा लाइटच्या उघडझापीवरून कोड मोजावा लागतो, तिथे त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल हवंच.

इलेक्ट्रिकलच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या वायरी सोडा, दोन्हीकडचा पत्रा घासून चकचकीत करा, परत लावा. बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. गाडी लॉक करून थोड्या वेळाने करंट मोजला तर ५० मिलिअँपियरच्या आत पाहिजे, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून कोण खातंय ते शोधा. नव्वदच्या दशकातल्या काही जपानी गाड्यांत, मित्सुबिशी एक्लिप्स आणि ३०००जीटी ही ठळक उदाहरणं, ईसीयूमधले (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले) कॅपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात. चित्रविचित्र लक्षणं येण्याआधीच बॉक्स उघडून बघा, माशासारखा वास आला किंवा बोर्डवर डाग दिसला तर चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून लगेच बदलून घ्या.

चालवताना

कूलंट गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइलला बराच जास्त वेळ लागतो. ऑइल ८० डिग्रीपर्यंत येईपर्यंत इंजिन ताणू नका. ई४६ एम३ च्या टॅकोमीटरवर (आरपीएमच्या काट्यावर) यासाठीच लाइट दिलेत, इंजिन थंड असताना वरचे आरपीएम पेटलेले असतात आणि गरम होत जाईल तसे एकेक विझत जातात. ज्या गाडीत हे नाही तिथे स्वतःच सवय लावायची. टर्बो असेल तर जोरात चालवल्यावर शेवटची काही मिनिटं निवांत चालवत या, लगेच चावी फिरवून बंद केलं तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. ऑक्टेन कंपनीने सांगितलंय त्याहून कमी नको, नॉकिंगने (पेट्रोल अवेळी भडकण्याने) पिस्टन फुटतात. आणि डिपस्टिक दर पेट्रोल भरताना बघा. होंडा एस२००० सारखी ९००० आरपीएमला जाणारी इंजिनं जोरात चालवली की ऑइल पितात, रोटरी तर बनवलीच अशी आहे की थोडं ऑइल जाळते. ऑइल पिणं हा गुन्हा नाही, कमी असताना ताणणं हा आहे.

मॉडिफिकेशनचं एका वाक्यात सांगतो, वर्षभर गाडी कटकट न करता चालली की आधी ब्रेक पॅड आणि टायर, मग कूलिंग, मग सस्पेन्शन, आणि त्यानंतरही हौस उरली तर पॉवर, आणि काढलेला एकेक ओरिजिनल पार्ट जपून ठेवा.

पार्टचं म्हणाल तर परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. निस्मोने (निसानची स्पोर्ट्स शाखा) २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरसाठी हेरिटेज पार्ट, म्हणजे जुन्या गाड्यांसाठी नव्याने बनवलेले पार्ट सुरू केले, टोयोटाने २०२० मध्ये सुप्राच्या दोन जुन्या पिढ्यांसाठी, ए७० आणि ए८०. तरी ट्रिम, रबरी बीडिंग, लाइट असल्या गोष्टी बंद झाल्या की झाल्या, दिसल्या की घेऊन ठेवा. पार्ट नंबर शोधताना तो नंबर पुढे बदललाय का ते बघा, जुन्या नंबरला "उपलब्ध नाही" आलं तरी नवीन नंबराखाली तीच वस्तू मिळते पुष्कळदा. आणि एक वही करा, कागदाची किंवा फोनमधली, काय बदललं, कधी, किती किलोमीटरला, कुठला नंबर, कुठला बोल्ट किती टॉर्कला. विकताना हीच वही भाव मिळवून देते, पण खरा उपयोग तुम्हालाच.

काही महिने उभी ठेवायची असेल तर

ऑइल बदलून मगच उभी करा, वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती बेअरिंगवर महिनोन् महिने बसायला नको. टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा आणि त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाकून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओल धरतं आणि ऐंशीच्या दशकातल्या रबरी फ्युएल लाइनला चालत नाही, त्या लाइनी आधीच इथेनॉलला टिकणाऱ्या होजने बदललेल्या बऱ्या, इंजिनाच्या गरमीत पेट्रोल झिरपलं तर आग लागते. बॅटरीला मेंटेनर लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड-डिस्क चिकटतात, चाकांना अडण्या लावा. गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावरच कव्हर घाला, आणि कव्हर हवा खेळेल असं कापडी. मधूनमधून पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायचं हे अजिबात करू नका, इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, फायदा शून्य. चालवायची तर चांगली अर्धा तास बाहेर काढा, नाहीतर तशीच राहू द्या. परत काढताना आधी खाली वाकून थेंब बघा, होज-वायरी उंदरांनी कुरतडल्यात का बघा, ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून घट्ट लागतंय का बघा, आणि मगच चावी फिरवा.